संकेतस्थळ कानांनी पारखताना

बँकेच्या ग्राहकाला घरबसल्या ओळख पटवायची असते, तेव्हा मोबाइल सांगतो : चेहरा चौकटीत आणा, डोळे मिचकवा. ती चौकट नेमकी कोठे आहे, हे अंध ग्राहकाने कसे जाणावे? दृष्टिहीन वकील अमर जैन यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. ॲसिड हल्ल्यातून बचावलेल्या प्रज्ञा प्रसून यांच्या याचिकेसोबत त्यावर ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल लागला. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्यासोबतच्या वीस निर्देशांपैकी एक विशेष मोलाचा आहे : बँकादी संस्थांनी आपल्या संकेतस्थळांची व ॲपची वेळोवेळी सुगम्यता-तपासणी करून घ्यावी आणि चाचणीत अंध व्यक्तींना सामील करावे.

ही दुसरी अट का, हे स्क्रीन रीडर कसा चालतो ते पाहिले की उमगते. हे सॉफ्टवेअर पडद्यावरील मजकूर बोलून दाखवते. दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलेले एनव्हीडीए विनामूल्य मिळते. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतेच. मात्र त्याची मुख्य भिस्त चित्रावर नव्हे, तर पडद्यामागच्या अक्षरांवर असते. आणि मराठीची खरी गोम येथेच आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला ‘नगर’ हा शब्द संगणकाच्या लेखी ‘यू-एक्स-जे’ असतो. डोळ्यांना नगर दिसते, कानांवर निरर्थक इंग्रजी अक्षरे पडतात. तोच मजकूर युनिकोडमध्ये असला, तर यंत्र तो नीट वाचते. शिक्का मारून स्कॅन केलेल्या परिपत्रकाची तऱ्हा याहून वाईट. अक्षरओळखीची सोय नसेल, तर ते निव्वळ छायाचित्र ठरते.

प्राथमिक परीक्षा अहिल्यानगर, संगमनेर वा श्रीरामपूरच्या कोणत्याही पतसंस्थेला, विश्वस्त मंडळाला स्वतः घेता येईल. माउस बाजूला ठेवावा आणि केवळ टॅब कळीने देणगीचा अर्ज शेवटपर्यंत भरून पाहावा. पुढे टॉकबॅक सुरू करून पडदा झाकावा. रकान्यावर येताच ‘मोबाइल क्रमांक’ असे ऐकू येते की नुसतेच ‘संपादन चौकट’? चित्रातील वेडीवाकडी अक्षरे ओळखण्याच्या कोड्याला ध्वनीचा पर्याय आहे का? स्वयंचलित तपासणी-साधने उपयोगी खरी, पण भोळी असतात. छायाचित्राला पर्यायी मजकूर म्हणून ‘फोटो १२’ एवढेच लिहिलेले असले, तरी ती बहुधा संतुष्ट होतात.

म्हणून अखेरची चाचणी रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या व्यक्तीकडूनच, योग्य मानधन देऊन, करून घ्यावी. तिला सूचना देत बसू नये. ती कोठे अडखळते, ते टिपावे. विशेषतः कोणत्या टप्प्यावर तिला आपला ओटीपी शेजाऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, ते पाहावे. कारण तेथे तिच्या खात्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती गेलेली असते.