युद्धकाळातील मार्गमुक्ती आणि लष्करी अभियंता : नौशेरा–राजौरी मार्गाच्या (एप्रिल १९४८) संदर्भात

प्रस्तावना :
युद्धेतिहासाच्या लेखनात सेनापती, शस्त्रे व लढाया यांना मोठे स्थान मिळते. सैन्य ज्या रस्त्याने रणभूमीवर पोहोचते त्या रस्त्याची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. साक्री तालुक्यातून कोंडाईबारी घाटाकडे जाणाऱ्या महामार्गावर एखादा ट्रक आडवा झाला तरी दोन्ही बाजूंची वाहतूक खोळंबते, हे या परिसरातील वाचकांस परिचित आहे. अशाच एखाद्या डोंगरी रस्त्यावर शत्रूने मुद्दाम झाडे पाडली, मोऱ्या उडविल्या, सुरुंग पेरले आणि वरून मशिनगन रोखल्या, तर तो मोकळा कसा करावयाचा? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मेजर रामा राघोबा राणे (१९१८–१९९४) यांच्या कामगिरीच्या आधारे केला आहे.

बुलडोझरचे सामर्थ्य व मर्यादा :
दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर बुलडोझर हे युद्धसाधनच ठरले. आसाममधील लेडो येथून डिसेंबर १९४२ मध्ये अमेरिकन अभियंता दलाने सुरू केलेला रस्ता घनदाट जंगल व पांगसाऊ खिंड ओलांडून पुढे गेला आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये या मार्गाने पहिला वाहनतांडा चीनमधील कुनमिंगला पोहोचला. साखळीपट्ट्यांवर चालणारे हे यंत्र चिखलात सहसा रुतत नाही. पुढील पोलादी पात्याने ते झाडे मुळासकट लोटते, डोंगरउतार कापते आणि निघालेली माती दरीच्या बाजूस सारून रस्त्याची रुंदी वाढविते.

मात्र हे यंत्र सुरुंग ओळखू शकत नाही. आडव्या पडलेल्या झाडाखाली सुरुंग असेल तर पात्याचा पहिला धक्का हाच स्फोटाचे कारण ठरतो. उंच आसनावर बसलेला चालकही सहज नेमात येतो. म्हणून शत्रूच्या माऱ्याखालील रस्त्यावर कामाचा क्रम ठरलेला असतो : प्रथम हाताने सुरुंग शोधून काढणे, नंतर स्फोटकांनी झाड वा दगड फोडणे, त्यानंतर राडारोडा लोटणे आणि रस्ताच तुटला असेल तर बाजूने वळणमार्ग काढणे. यांतील पहिली पायरी माणसालाच चढावी लागते.

राणे यांची कामगिरी :
कारवारजवळील चेंडिया हे राणे यांचे जन्मगाव. १९४० मध्ये ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले. या दलाचे केंद्र पुण्यातील खडकी येथे आहे. महायुद्धात ब्रह्मदेशात सेवा केल्यानंतर डिसेंबर १९४७ मध्ये ते सेकंड लेफ्टनंट झाले. राजौरी नोव्हेंबर १९४७ पासून हल्लेखोरांच्या ताब्यात होती. तेथे पोहोचण्यासाठी नौशेऱ्याहून निघालेल्या चिलखती तुकडीपुढील मार्ग मोकळा करण्याचे काम राणे यांच्या पथकाकडे आले.

८ एप्रिल रोजी काम सुरू होण्याआधीच उखळी तोफांच्या माऱ्यात पथकातील दोघे ठार व पाच जण जखमी झाले. जखमींत स्वतः राणे होते. त्यांनी पथकाची पुन्हा जुळणी केली. सायंकाळी बरवाली टेकडी काबीज झाल्यावर रणगाड्यांसाठी वळणमार्गाचे काम रात्री दहापर्यंत चालले. ९ एप्रिलला दुपारी तीन वाजता तो पूर्ण झाला. पुढे अर्ध्या मैलावर चिडाच्या (पाइनच्या) झाडांचा अडथळा लागला, त्यानंतर ३०० यार्डांवर दुसरा. दोन्ही स्फोटकांनी उडविले. पुढची मोरी उद्ध्वस्त होती. तिला वळसा घालणारा मार्ग काढला. सायंकाळी सुरुंगांनी वेढलेली पाच मोठी झाडे आडवी आली. अंधारामुळे तुकडी थांबविण्यात आली. १० एप्रिलला पहाटे पावणेपाचला रणगाड्यांच्या आधाराने काम सुरू झाले व साडेसहापर्यंत हा अडथळा दूर झाला. पुढील हजार यार्डांतील अडथळे व तुटलेले भराव साडेदहापर्यंत पार झाले.

यानंतरचा टप्पा विशेष विचारार्ह आहे. रणगाडे रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रात उतरले व दुपारी दोनला चिंगसला पोहोचले. त्यांच्यापुरती रस्त्याची गरज संपली होती. तरीही राणे यांनी त्या रात्री नऊपर्यंत विश्रांती व अन्नाविना काम चालू ठेवले आणि ११ एप्रिलला सकाळी अकरापर्यंत चिंगसचा रस्ता खुला केला. कारण दारूगोळा, इंधन व अन्नधान्याच्या मोटारींना रस्ताच हवा होता. १२ एप्रिलला भारतीय सैन्य राजौरीत पोहोचले. १९५० मध्ये राणे यांना परमवीर चक्र जाहीर झाले. हयातीत हा सन्मान स्वीकारणाऱ्या मोजक्या वीरांपैकी ते एक होत. २०२३ मध्ये अंदमान-निकोबारमधील एका बेटास त्यांचे नाव देण्यात आले.

निष्कर्ष :
१) यंत्रामुळे मार्गमुक्तीचा वेग वाढतो, परंतु माऱ्याखाली यंत्राला वाट देणारा माणूसच असतो.
२) रणगाडा पुढे गेला म्हणजे मार्ग खुला झाला असे नव्हे, मागून येणारी रसद निर्वेध पोहोचेल तेव्हाच लष्करी अभियंत्याचे काम पूर्ण होते.
३) राणे यांच्या शौर्याचे मोल केवळ निर्भयतेत नाही. सलग चार दिवस, जखमी अवस्थेत, तेच काम त्याच काटेकोरपणे पुन्हा पुन्हा करण्यात ते आहे. त्यामुळे युद्धाच्या अभ्यासात रणभूमीइतकेच तिच्याकडे जाणाऱ्या रस्त्यालाही स्थान मिळणे आवश्यक ठरते.