२१ दिवसांत सवय लागते? मामीचं चालणं आणि एक पेपर

जूनमध्ये मामीची साखर 'बॉर्डरवर' आली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. चामटोलीच्या आमच्या घरात पीएचडी करणारी मी एकटीच, त्यामुळे "किती चालू गं?" हा प्रश्न माझ्याकडे आला. मी छातीठोकपणे सांगून टाकलं, "रोज दहा हजार पावलं, सलग २१ दिवस. मग सवय लागते."

नवव्या दिवशी धो धो पाऊस. दहाव्या दिवशी मामी म्हणाली, "एक दिवस चुकला. आता परत एकपासून मोजायचं का?" आणि तिने चालणं सोडूनच दिलं.

लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. ज्युनियरांना "संदर्भ कुठाय?" म्हणून पिडणाऱ्या मी हे दोन्ही आकडे कधीच तपासले नव्हते.

तपासले तेव्हा कळलं, की दहा हजार हा आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून पसरला. 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. २१ दिवसांचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकात आहे. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना कमीत कमी २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. लोकांनी 'कमीत कमी' गाळलं आणि चेहऱ्याच्या जागी जगातली प्रत्येक सवय बसवली.

मग सवयीवर खरं मोजमाप कोणी केलंय का? फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये केलं, पेपर २०१०चा. ९६ जणांनी खाणं, पिणं किंवा व्यायाम यातली एक साधी कृती निवडली. ती रोज एका ठरलेल्या प्रसंगानंतर करायची (उदा. नाश्त्यानंतर) आणि किती आपोआप झाली ते नोंदवायचं, १२ आठवडे. आलेख सुरुवातीला भराभर चढतो, मग सपाट होतो. सपाटीजवळ पोचायला लागलेल्या दिवसांचं मध्यक ६६.

आता इथेच थांबू नका, कारण इंटरनेट इथेच थांबतं. पसारा बघा: १८ ते २५४ दिवस! आणि प्रयोग तर ८४ दिवसांचाच होता. म्हणजे २५४ कोणी प्रत्यक्ष मोजलेले नाहीत, वक्र पुढे ताणून काढलेत. शिवाय तो वक्र नीट बसला फक्त ३९ जणांना. त्यामुळे '६६ दिवसांत सवय लागते' हेसुद्धा २१चंच धाकटं भावंड आहे. व्यायामाला खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा जास्त वेळ लागला, हेही त्याच पेपरात आहे.

पण मामीच्या कामाची ओळ वेगळीच निघाली: एखादा दिवस चुकल्याने सवय बनण्यावर म्हणावा असा परिणाम दिसला नाही. म्हणजे मामीचे नऊ दिवस वाया गेलेच नव्हते. वाया घालवले ते माझ्या सल्ल्याने.

तिचं दुसरं म्हणणं, "दिवसभर घरात राबते, तोच व्यायाम." पूर्ण चूक नाही. आयसीएमआर-इंडियाबच्या २०१४च्या पेपरात (महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंदीगड, १४,२२७ माणसं) काम, प्रवास आणि फावला वेळ या तिन्हींमधली हालचाल धरली होती. तरीही निम्म्याहून जास्त, ५४.४ टक्के लोक निष्क्रिय गटात आले. फावल्या वेळात व्यायाम करणारे दहा टक्क्यांहूनही कमी.

जुलैत पुन्हा सुरुवात केली. घड्याळाची वेळ ठरवली नाही, कारण लोकल आणि पाहुणे दोघंही घड्याळ मानत नाहीत. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की चपला घालायच्या, बस्स. फक्त दहा मिनिटं, कोपऱ्यापर्यंत आणि परत. पाऊस असला तर ओटीवरच फेऱ्या. जागतिक आरोग्य संघटना २०२०पासून आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगते, पण काहीच न करण्यापेक्षा थोडं केलेलंही चांगलं, हेही तिथेच लिहिलंय. ते मी मामीला आधी सांगायला हवं होतं.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती टिक करते. गणपतीत पाच दिवस कोरे गेले, यावेळी मात्र एकपासून मोजणी नाही. हल्ली पंचवीस मिनिटं होतात. कधी दिवा लावून झाल्यावर मीच लॅपटॉपसमोर बसलेली असते, तेव्हा "चल गं, उठ" म्हणून मलाही ओढून नेते.

साखर दिवाळीनंतर पुन्हा तपासायची आहे. आकडा आला की कळवते, पण आधीच सांगते, सॅम्पल साइज एक आहे.