योवा : दहा महिन्यांचं एक युग

मागच्या वेळी आपण जपानी कालगणनेपाशी थांबलो होतो. आपला शक एकदा सुरू झाला की चालतच राहतो. तिथे तसं नाही. दरबार काळाला नाव द्यायचा, आणि राजा बदलला किंवा संकट आलं की ते नाव बदलायचा. 'योवा' हे असंच एक नाव, 1181च्या ऑगस्टपासून जेमतेम दहा महिने टिकलेलं. गादीवर आंतोकू हे लहान मूल. कारभार त्याच्या आजोळच्या ताइरा घराण्याकडे. नावातल्या दोन चिन्हांपैकी पहिल्याचा अर्थ पोषण, दुसऱ्याचा सलोखा. आणि प्रत्यक्षात? दुष्काळ आणि यादवी!

गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) हे नाव सगळ्यांनी मानलंच नाही. पूर्वेला कामाकुरात बसलेला मिनामोतो नो योरितोमो आधीच्या 'जिशो' युगाचीच वर्षं पुढे मोजत राहिला. कागदावरची तारीख पाहिली की माणूस कुठल्या बाजूचा ते कळायचं.

पण आपल्याला खरं बोलायचंय ते दुष्काळाबद्दल. कामो नो चोमेई तेव्हा तरुण होता. पुढे 1212मध्ये, संन्यासी झाल्यावर, 'होजोकी'त त्याने हे सगळं लिहिलं. अवर्षण, मग वादळं आणि पूर; पीक हाती लागेना, आणि राजधानी तर सगळ्याच गोष्टींसाठी खेड्यांवर अवलंबून. लोक देवळांतल्या मूर्ती फोडून जळण म्हणून विकत. त्या लाकडावर रंग आणि सोन्याचा वर्ख तसाच. आणि तो सांगतो, ज्याची माया अधिक तो आधी मेला, कारण मिळालेला घास तो दुसऱ्याला द्यायचा. म्हणून आईबाप मुलांच्या आधी गेले. नीतिशास्त्र शिकवताना आम्ही त्यागाबद्दल पुष्कळ बोललो. चोमेई त्यागाची स्तुती करत नाही. कोण आधी गेलं, एवढंच सांगतो.

निन्नाजी मठातला र्‍यूग्यो नावाचा भिक्षू रस्त्यात प्रेत दिसलं की त्याच्या कपाळावर 'अ' लिहायचा. हो, आपलाच 'अ'. भारतातली सिद्धम् लिपी चीनमार्गे तिथे पोचली होती, आणि शिंगोन पंथात 'अ' म्हणजे अनुत्पाद, जे कधी जन्मलंच नाही ते. मेलेल्यांचा आकडा कळावा म्हणून चौथ्या आणि पाचव्या महिन्यात मोजदाद केली, ती शहराच्या फक्त पूर्वेकडच्या भागात. 42,300हून जास्त भरले. त्याआधी आणि नंतर मेलेले, नदीकाठचे, पश्चिम भागातले यात धरलेले नाहीत.