रिकामी थरथरते, भरली की गप
गाडीची नाडी : भाग ६

अर्धापूरची केळी असोत, लोह्या-कंधारचं सोयाबीन असो की अहमदपूरहून लातूरच्या आडतीला निघालेली तूर, माल उचलायला दारात येते ती पिकअप. नवी पिकअप घेतली की वर्ष उलटायच्या आत मागच्या कमानीत जादा पाटे घालून घ्यायचे, हा आपल्याकडचा रिवाजच. भरलेली गाडी मागून बसत नाही आणि शेतरस्त्याच्या चाकोरीत मागच्या आसाचं हौसिंग घासत नाही, हा त्यामागचा हिशेब. परदेशात लोक हौसेखातर गाड्या उंच करतात, आपण पोत्यांसाठी करतो. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे फेरे नेणाऱ्या शाफ्टला त्या दोन्हींतला फरक कळत नाही. थोड्याच दिवसांत ड्रायव्हरची तक्रार येते, "साठच्या वर गेली की सीटखाली थरथरायलीय. लोड पडला की गप."

या दोन वाक्यांत अर्धं निदान झालेलं असतं. पण ऐकून घेणारा भेटत नाही. गॅरेजात आधी चाकं बॅलन्स होतात, मग शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉस बदलतात, मग सेंटर बेअरिंग, शेवटी शाफ्ट उतरवून बॅलन्सिंगला जातो. प्रत्येक वेळी बिल होतं आणि थरथर होती तिथेच राहते, कारण सुटे भाग चांगलेच होते. बिघडला होता तो त्यांच्यातला कोन.

म्हणून हादरा कुठून येतो हे शोधण्याआधी तो केव्हा येतो, हे पक्कं करावं. लातूर-नांदेड हमरस्त्यावर रहदारी नसलेला सरळ तुकडा पाहून गाडी साठवर धरा आणि एक गिअर खाली घेऊन पुन्हा तोच वेग राखा. इंजिनाचे फेरे वाढले, पण थरथर तशीच राहिली, तर इंजिन आणि क्लच सुटले. आता दोष गिअरबॉक्सच्या मागे. स्टिअरिंग हलत असेल तर संशय पुढच्या चाकांवर. बूड आणि पाठ थरथरत असेल तर मागच्या बाजूवर.

त्यापुढचं काम थोड्या गणिताचं. मागच्या टायरचा घेर साधारण २.२ मीटर धरला, तर ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला साडेसात फेरे घेतं. क्राऊन-पिनियनचं गुणोत्तर चारच्या आसपास असेल तर शाफ्ट सेकंदाला तीस वेळा फिरतो. टायर वाकडा असेल तर सेकंदाला सात-आठ हेलकावे बसतात, ते मोजता येतील इतके संथ. शाफ्टचा तोल गेला असेल तर तीस. आणि क्रॉसचा कोन चुकला असेल तर साठ, कारण कोनातून फिरणारा क्रॉस प्रत्येक फेऱ्यात दोनदा झटका देतो. मग तो हादरा न राहता त्याची गुणगुण होते. आरसा धूसर दिसायला लागतो, डॅशबोर्डवरची किल्ली किणकिणते. सवयीचा मिस्त्री एवढ्यावरूनच ओळखतो, पण मोबाइलमध्ये कंपन मोजणारं अॅप असेल तर खात्री करून घ्यावी.

दोनदा का? क्रॉसच्या या सांध्याला इटलीतल्या कार्दानोचं नाव आहे, आणि सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने त्याचा अभ्यास केला. सांधा सरळ रेषेत असेल तर जितकं फिरवाल तितकंच पलीकडे पोचतं. कोन आला की पलीकडची बाजू अर्ध्या फेऱ्यात एकदा किंचित पुढे धावते, एकदा किंचित मागे पडते. तीन अंशांना हा फरक अगदी क्षुल्लक असतो, सुमारे ०.१४ टक्के. सहा अंशांना ०.५५ टक्के. म्हणजे कोन दुप्पट झाला की झटका चौपट.

म्हणूनच शाफ्टला दोन क्रॉस असतात. पुढच्याने केलेली खोडी मागचा निस्तरतो. अट एवढीच की दोन्हींचे कोन सारखे हवेत आणि दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे काटे, एका रेषेत. मधला शाफ्ट मात्र तरीही मागेपुढे होतच असतो. त्यामुळे कोन सारखे असूनही मोठे झाले तर तो गुणगुणणारच. जादा पाट्यांनी हेच होतं. शाफ्टचा मागचा तुकडा १२०० मिलिमीटरचा धरला आणि हौसिंग चासीपासून ५० मिलिमीटर खाली गेलं, तर त्याचा उतार जवळजवळ अडीच अंशांनी वाढतो. लांब चासीच्या गाडीत दोन तुकड्यांचा शाफ्ट असतो. पुढचा तुकडा जागचा हलत नाही, सगळा फरक आखूड मागच्या तुकड्यावर येतो. गाडी भरली की पाटे दबतात, कोन मूळ जागी येतो आणि ड्रायव्हर म्हणतो, "गप झाली."

कोन मोजायला मोबाइलमधला लेव्हल पुरतो, पण गाडी चाकांवर सपाट जागी उभी हवी. जॅक चासीला लावून मागची चाकं लोंबकळत ठेवली तर सगळे आकडे खोटे येतात. चाकांना दोन्हीकडून दगड लावा, न्यूट्रलला ठेवा आणि गिअरबॉक्सचं मागचं तोंड, शाफ्टचा प्रत्येक तुकडा आणि पिनियन यांचे उतार लिहून घ्या. शेजारच्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्या क्रॉसचा कोन. मापं रिकाम्या गाडीचीही घ्या आणि भरलेल्या गाडीचीही. वेगाने फिरणाऱ्या शाफ्टसाठी ढोबळ नियम असा: कोन तीन अंशांच्या आत, मागच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांच्या कोनांमधला फरक एका अंशाच्या आत.

इथे एक घोटाळा हमखास होतो. लांब शॅकल किंवा हौसिंग आणि पाट्यांमधली तिरपी पट्टी वापरून पिनियनचं नाक थेट शाफ्टच्या रेषेत आणतात. मागचा क्रॉस सरळ झाला म्हणून मिस्त्री खूश. पण त्याने निस्तरायचं कामच सोडलेलं असतं, पुढच्याचा झटका तसाच हौसिंगपर्यंत जातो. शिवाय शून्य कोनात क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया एकाच जागी दाबत राहतात आणि क्रॉस लवकर खलास होतो. थोडा, अर्धा अंश तरी कोन हवाच.

क्लच प्लेट बदलल्यानंतरच थरथर सुरू झाली असेल तर पाट्यांना दोष देऊ नका. त्या कामासाठी काढलेला शाफ्ट परत बसवताना स्प्लाइन चुकीच्या दातावर बसून योक वेगळ्या दिशेला गेले असतील. काढण्याआधी रंगाची एक रेघ मारली असती तर हे टळलं असतं. निघताना, पहिल्याच गिअरला, भरलेल्या गाडीत गदगद होत असेल तर ते बहुधा सेंटर बेअरिंगचं रबर असतं. तेवढं बदलून काम भागतं.

उपाय? माझं मत विचाराल तर एक पाटा काढा. मालकांना हे पटत नाही, माहीत आहे. पण पाटे वाढवून गाडीची कागदावरची क्षमता वाढत नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराचा दंड २०,००० रुपये आणि वर दर जादा टनाला २,००० आहे. पाटा काढायचाच नसेल तर मोजलेल्या फरकाएवढी तिरपी पट्टी हौसिंगवर बसवा, किंवा सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटखाली बूश देऊन ते थोडं खाली घ्या. एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा मोजा. स्लिप योक स्प्लाइनमधून जास्त बाहेर आलेला नाही ना, तेही पाहा. पट्टी बसवल्यावर दोन-तीनशे किलोमीटर गाडी चालवून यू-बोल्ट परत आवळा, कारण नव्या पट्टीने ते ढिले पडतात.