डच लोकांची नावं आणि आडनावं

युरोपात नेदरलँड्स नावाचा एक लहानसा देश आहे. तिथले लोक म्हणजे डच. आपल्या जुन्या कागदपत्रांत त्यांनाच वलंदाज म्हटलेलं आहे. वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती.

पूर्वी तिथं पुष्कळ लोकांना आडनावच नव्हतं. आपलं नाव नि बापाचं नाव, एवढ्यावर भागायचं. यानचा मुलगा तो यान्सन, पीटरचा तो पीटर्सन. १६०६ साली जन्मलेल्या थोर चित्रकाराचं पूर्ण नाव पाहा : रेम्ब्रांट हार्मेन्झोन फान राइन. म्हणजे हार्मेनचा मुलगा, ऱ्हाइन नदीकाठचा रेम्ब्रांट. अगदी आपल्या हजेरीपटासारखं! ‘फान’ म्हणजे ‘तिथला’. आपल्या ‘कर’चंच काम, फक्त तो पुढं बसतो. उत्तरेच्या फ्रीजलंड प्रांतात मात्र ‘स्ट्रा’ मागं लागतो. डाइकस्ट्रा म्हणजे बांधावर राहणारा. देशाचा जवळजवळ चौथा हिस्सा समुद्रपातळीच्या खाली, तेव्हा बांध आडनावात येणारच. पण ‘फान डेन बेर्ख’, म्हणजे डोंगरावरचा, हेही तिथं खूप आढळतं. गंमत अशी, की युरोपातल्या त्या देशाची सर्वांत उंच टेकडी ३२२ मीटर! आपलं कळसूबाई १६४६ मीटर आहे. तिथं जराशा उंचवट्यालाही डोंगर म्हणतात, बरं का.

धंद्यावरून बाकर (पाव भाजणारा), फिसर (कोळी), स्मित (लोहार). बापलेकांचं नाव एकच असलं तर धाकटा तो ‘द योंग’.

१८१० साली नेपोलियनने हा देश फ्रान्सला जोडला. १८११ साली हुकूम निघाला, की ज्याला आडनाव नाही त्याने ते नोंदवावं. घरातला वडील माणूस कचेरीत जाई आणि मुलं-नातवंडं सगळ्यांसाठी एकच आडनाव सांगे. लिहिता येत नसलं तर तसं कागदावर नमूद होई. काहींनी दाद दिली नाही, म्हणून १८२५ साली राजाला पुन्हा हुकूम काढावा लागला.

‘नाक्तखेबोरन’, म्हणजे उघडा जन्मलेला, असंही एक आडनाव आहे. नेपोलियनची थट्टा करायला लोकांनी असली नावं दिली, असं सांगतात. ते खरं नाही. हे आडनाव त्याच्या आधीच्या कागदांत सापडतं. ते मूळ जर्मन शब्दावरून आलं असावं, आणि त्याचा अर्थ बाप वारल्यावर जन्मलेलं मूल. थट्टा कसली, किती दुःखाचं नाव आहे ते!

पाळण्यातली नावं बहुतेक बायबलातली नि संतांची. योहानेसचा यान, कोर्नेलिसचा केस, निकोलासचा क्लास होतो. कागदावर लांब नाव, हाक मारायला आखूड. आपल्याकडे पांडुरंगाचा पांडू होतो तसंच.

१९९८ पासून तिथं मुलाला आईचं आडनाव लावता येतं, आणि १ जानेवारी २०२४ पासून दोघांचंही. आपल्या महाराष्ट्रातही १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं नि शेवटी आडनाव, असा क्रम ठरला आहे.