तमाम लोकांस कळविण्यात येते की...

आषाढ लागला, नाणेघाटाच्या बाजूने ढग उतरू लागले आणि मीना व कुकडी या नद्यांचे पाणी तांबूस झाले, की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील गावोगावच्या सूचनाफलकांवर एक कागद हमखास लागतो. ‘नागरिकांनी पिण्याचे पाणी गाळून व उकळून प्यावे’ ही त्याची भाषा वर्षानुवर्षे बदललेली नाही. बदलते ती फक्त तारीख आणि कधीकधी तीही नसते. गेल्या पावसाळ्यात नारायणगावच्या परिसरातील एका गावी अशाच फलकापुढे उभा असता प्रस्तुत लेखकास त्या कागदाशेजारी दुसरा एक कागद दिसला. ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ अशी त्याची सुरुवात होती. गावठाणातील एक जुना वाडा पाडून तेथे बहुमजली इमारत उभी राहावयाची होती. कोणाची हरकत असल्यास ती पंधरा दिवसांचे आत लेखी पुराव्यानिशी कळवावी, मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही, असा तो मजकूर होता.

एक कागद पाण्याचा, दुसरा जागेचा. वरवर पाहता त्यांचा परस्परांशी काही संबंध नाही. वस्तुतः हे दोन्ही कागद एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत आणि ती जोडून वाचण्याची सवय ना कचेऱ्यांना आहे ना आपल्याला. या लेखाचा विषय तोच आहे.

उकळण्याचा खर्च कोणाचा?

‘पाणी उकळून प्या’ हा सल्ला चुकीचा नाही. साथीच्या दिवसांत तो जीव वाचवितो. परंतु आणीबाणीचा उपाय जेव्हा कायमची व्यवस्था होऊन बसतो, तेव्हा त्याचा हिशेब मांडणे भाग पडते. पाच माणसांच्या कुटुंबाला पिण्यासाठी दिवसाकाठी दहा लिटर पाणी लागते असे धरू. शेगडीची वाया जाणारी उष्णता लक्षात घेता तेवढे पाणी उकळीपर्यंत नेण्यास सुमारे ११५ ग्रॅम गॅस लागतो. वर्षाचे होतात ४२ किलो. म्हणजे घरगुती वापराचे १४.२ किलोचे जवळजवळ तीन सिलिंडर. वीस हजार वस्तीच्या गावात अशी चार हजार कुटुंबे धरली, तर गावाने मिळून दररोज सुमारे बत्तीस सिलिंडर केवळ पाणी उकळण्यासाठी जाळावयाचे.

आता दुसरी बाजू पाहा. त्याच गावाला माणशी ५५ लिटर या जलजीवन मिशनच्या मापाने रोज अकरा लाख लिटर पाणी लागेल. गाळून स्वच्छ केलेल्या पाण्यात हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम ब्लीचिंग पावडर, ज्याला ग्रामपंचायतीत टीसीएल म्हणतात, हे प्रमाण धरल्यास रोजची गरज साडेपाच किलोंची आहे. एका पारड्यात साडेपाच किलो पावडर आणि दुसऱ्या पारड्यात साडेचारशे किलोंहून अधिक गॅस! अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही यातून सार्वजनिक वस्तू म्हणजे काय हे समजावे. जे काम एकत्रितपणे अत्यल्प खर्चात होते, तेच घरोघर वाटून दिले की त्याचा खर्च अनेक पटींनी वाढतो. आणि तो सर्वांना सारखा पेलत नाही. ज्याला परवडते तो जारचे पाणी विकत घेतो. म्हणजे पाणीपट्टीही भरतो आणि पाण्याची किंमतही मोजतो. ज्याला परवडत नाही त्याच्या घरी उकळण्याचे काम गृहिणीच्या अंगावर पडते, आणि सरपण संपले की ते राहूनच जाते. सूचना सर्वांना मिळते. सुरक्षितता मात्र ऐपतीप्रमाणे मिळते.

शिवाय उकळण्याने जंतू मरतात, क्षार मरत नाहीत. खतांच्या वापरामुळे विहिरीच्या पाण्यात नायट्रेट वाढले असेल, तर पाणी आटेल तसे त्याचे प्रमाण कमी न होता वाढतच जाते. भारतीय मानकाने नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम ठरविली आहे. ऊस, द्राक्षे आणि टोमॅटो यांच्या बागायती पट्ट्यात राहणाऱ्यांनी हा आकडा पाठ केला पाहिजे. ‘उकळून प्या’ या दोन शब्दांतून त्याचा पत्ता लागत नाही.

माहिती आहे, पण पोहोचत नाही

माहितीच गोळा होत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने पिण्याच्या पाण्याचा पुरवठा हे पंचायतीचे कर्तव्य मानले आहे. गावात जलसुरक्षक असतो. नळाच्या शेवटच्या टोकाला क्लोरिन उरतो की नाही, हे पाहण्यासाठी ‘ओटी टेस्ट’ केली जाते. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरावा अशी अपेक्षा आहे. पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत जातात. स्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतींना हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड दिले जाते. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड राखणाऱ्या आणि साथीपासून दूर राहणाऱ्या गावाला चंदेरी कार्डाचा मान मिळतो. ही रचना विचारपूर्वक केलेली आहे. पण आपल्या गावाला यंदा कोणत्या रंगाचे कार्ड मिळाले, हे वर्गात विचारले तेव्हा उत्तर देऊ शकणारा विद्यार्थी विरळाच निघाला. एकाने प्रामाणिकपणे सांगितले, ‘सर, आमच्याकडे फलक काचेच्या कपाटात आहे, आणि कपाटाची किल्ली सापडत नाही.’

याच विद्यार्थ्यांना नारायणगावच्या उपबाजारातील टोमॅटोचा भाव विचारून पाहावा. जुलै २०२३ मध्ये वीस किलोंच्या क्रेटला दोन हजारांहून अधिक रुपये मिळू लागले, तेव्हा ही बातमी संध्याकाळच्या आत वाड्यावस्त्यांवर पोहोचली होती. लोक अडाणी आहेत, त्यांना आकडे कळत नाहीत, हा आक्षेप म्हणूनच टिकत नाही. ज्या आकड्यावर निर्णय घेता येतो तो आकडा शेतकऱ्याला अचूक कळतो. भावाचा आकडा सांगतो की माल आज काढावा की उद्या. पाण्याची नोटीस मात्र कोणता निर्णय घ्यावा हे सांगतच नाही. ती फक्त जबाबदारी झटकते. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले, की विकणाऱ्याला माहीत असलेला दोष घेणाऱ्याला माहीत नसेल तर चांगल्या मालाचीही किंमत राहत नाही. आपल्या नळाचे तेच झाले आहे. शुद्ध पाणी आले तरी त्यावर विश्वास नाही, आणि विश्वास नाही म्हणून पाणीपट्टी भरण्याचा उत्साह नाही. पाणीपट्टी थकली की पावडरीला पैसे कमी पडतात. हे चक्र असेच फिरत राहते.

वाडा पडतो, नळ तोच राहतो

आता दुसऱ्या कागदाकडे वळू. पुणे-नाशिक महामार्गावरील गावांत जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. नारायणगावला बाह्यवळण रस्ता झाला, पण पेठेतील जागेची ओढ त्यामुळे कमी झाली नाही. जुने वाडे मोडकळीस आले आहेत. वारसांची संख्या वाढली, वाटण्या झाल्या, दुरुस्ती कोणालाच परवडत नाही. अशा वेळी पुनर्विकास होणे स्वाभाविक आहे, किंबहुना पुष्कळदा ते इष्टही आहे. प्रश्न पुनर्विकास व्हावा की नाही हा नसून त्याचा भार कोणी मोजावयाचा हा आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका वाड्यात पंधरा माणसे राहत होती. माणशी ५५ लिटरप्रमाणे त्यांना सव्वाआठशे लिटर पाणी पुरत होते. वाड्याच्या जागी चोवीस सदनिका झाल्या, प्रत्येकीत चार माणसे आली, तर गरज ५,२८० लिटरवर गेली. वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ऐंशी टक्के सांडपाणी होते असे धरतात; म्हणजे रोज चार हजार लिटरांहून अधिक मैलापाणी त्याच बोळात, त्याच जुन्या गटारात किंवा शोषखड्ड्यात जावयाचे. रस्त्याखालची जलवाहिनी मात्र वाड्याच्या काळातलीच राहते. पाणी दिवसातून तास-दोन तास येते. उरलेल्या वेळी नळ रिकामा असतो, आणि रिकाम्या नळात दाब नसल्यामुळे, विशेषतः कोणी विजेचा पंप लावून पाणी ओढले की, फुटक्या सांध्यातून आजूबाजूची घाण आत शिरते. टाकीवर टाकलेली पावडर टाकीपुरती खरी असते. सांध्यातून शिरलेल्या मैल्यापुढे ती अपुरी पडते. पहिल्या कागदाचे कारण अशा रीतीने दुसऱ्या कागदात दडलेले असते.

यावर नियंत्रण ठेवणारे कायदे नाहीत असे नाही. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर खोदण्यास १९९३ च्या कायद्याने बंदी घातली, आणि २००९ च्या भूजल कायद्यानेही सार्वजनिक स्रोतांचे संरक्षण हे सूत्र पुढे चालविले. इमारतींसाठी राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली २०२० मध्ये आली. ग्राहकांसाठी २०१६ चा स्थावर संपदा कायदा आहे. परंतु पाचशे चौरस मीटरांपर्यंतच्या जागेवरील किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पांना त्याखाली नोंदणीची सक्ती नाही, आणि लहान गावांतील पुष्कळशी बांधकामे नेमकी याच मापात बसतात. शिवाय बांधकामाची परवानगी एका टेबलावर, नळजोडणी दुसऱ्या, पाण्याचा नमुना तिसऱ्या. या टेबलांची एकमेकांशी गाठ पडते ती साथ आल्यावरच.

नांदेड गावाचा धडा

ही भीती काल्पनिक नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइयाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. संशयित धरून रुग्णसंख्या दोनशेच्या वर गेली, काहींना प्राण गमवावे लागले. नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांकडे सर्वांचे लक्ष गेले आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. विहिरींची तपासणी झाली, खासगी शुद्धीकरण केंद्रांचे पाणीही तपासण्यात आले आणि त्यातील काही केंद्रांचे पाणी पिण्यास अयोग्य निघाले. नांदेड व किरकटवाडी ही गावे २०२१ मध्येच महापालिकेत आली होती. त्याआधी आणि त्यानंतरही तेथे इमारती उठत राहिल्या. शुद्धीकरणाची संपूर्ण व्यवस्था मात्र इमारतींच्या वेगाने आली नाही. खडकवासल्याचे धरण हाकेच्या अंतरावर असूनही हे घडले, ही गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. आपल्याकडेही येडगाव, वडज, डिंभे ही धरणे जवळ आहेत. पण धरण जवळ असणे म्हणजे शुद्ध पाणी जवळ असणे नव्हे.

चाकण, राजगुरुनगर, मंचर ही याच महामार्गावरील गावे ग्रामपंचायतीतून नगर परिषदेच्या किंवा नगरपंचायतीच्या व्यवस्थेत गेली. नारायणगावची वाढ त्याच दिशेने आहे. पाटी बदलण्यापूर्वी जलवाहिनी बदलावी, एवढाच नांदेडचा धडा आहे.

पैसा नाही, हे उत्तर नव्हे

पंचायतींची बाजूही ऐकली पाहिजे. माणसे अपुरी, पाणीपट्टीची थकबाकी मोठी, वीजबिलाचा तगादा रोजचा. ग्रामसेवकाने एकाच दिवसात किती कामे करावीत? ही तक्रार खोटी नाही आणि थकबाकी ठेवणाऱ्यांनी ती ऐकताना मान खाली घातली पाहिजे. तथापि रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की निधी नाही या सबबीवर नगरपालिकेला सार्वजनिक आरोग्याचे मूलभूत कर्तव्य टाळता येत नाही. १९९१ मध्ये याच न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाण्याचा उपभोग हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला. आणि मुख्य म्हणजे, चांगली नोटीस लिहावयास पैसा लागत नाही.

पाण्याच्या नोटिशीत पाच गोष्टी असाव्यात: कोणत्या विहिरीचा वा टाकीचा नमुना घेतला, कोणत्या तारखेस, त्यात काय सापडले, पंचायतीने काय केले आणि सूचना केव्हापर्यंत लागू आहे. पुनर्विकासाच्या नोटिशीत हरकतीच्या मुदतीबरोबर आणखी तीन ओळी वाढवाव्यात: नव्या इमारतीत किती माणसे राहतील, त्यांना पाणी कोठून मिळेल आणि सांडपाणी कोठे जाईल. या आठ ओळींसाठी नवा कायदा लागत नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरविण्याचा प्रघात आहे. तेथे उठून ‘आपले कार्ड कोणत्या रंगाचे?’ एवढे विचारण्यास शिक्षक, कारकून आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांनी का कचरावे?

जुन्नरच्या लेण्यांत दगडात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. प्राकृत शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. टाके कोणी दिले याची नोंद तेथे कोरलेली आढळते. इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढी दिल्याचा लेख प्रसिद्धच आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी पाणी देणारा आपले नाव दगडावर कोरून उघडपणे त्याची जबाबदारी स्वीकारीत होता. आजच्या आपल्या नोटिशीखाली शिक्का असतो, पण सही वाचता येत नाही. तमाम लोकांस काही कळवावयाचे असेल, तर निदान ते कोण कळवीत आहे आणि त्याची जबाबदारी कोण घेत आहे, एवढे तरी तमाम लोकांस वाचता आले पाहिजे.