जुना संगणक आणि लिनक्सची नवी आवृत्ती

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला संगणक कापडात गुंडाळून कपाटावर ठेवलेला असणे, ही आता अनेक घरांतील नित्याची गोष्ट झाली आहे. यंत्र बिघडलेले नसते. बटण दाबताच पंखा फिरतो, पडदा उजळतो, जुनी छायाचित्रे आणि पत्रे जशीच्या तशी उघडतात. तरीही ते निरुपयोगी ठरते, कारण त्यावर बँकेचे संकेतस्थळ उघडत नाही की मुलांच्या अभ्यासाची चित्रफीत चालत नाही. अशा वेळी कोणीतरी जाणकार सांगतो, ‘लिनक्स घाला, यंत्र पुन्हा धावू लागेल.’ विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून हा सल्ला अधिकच ऐकू येऊ लागला आहे.

सल्ला चुकीचा नाही, परंतु तो अपुरा आहे. लिनक्स एकदा बसविणे आता फारसे कठीण राहिलेले नाही. खरी परीक्षा होते ती पुढे, तेच लिनक्स जुन्या यंत्रावर वर्षानुवर्षे अद्ययावत ठेवताना. ही परीक्षा अवघड का होते, हे समजून घेतल्यास बराच मनस्ताप वाचू शकतो.

हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आपल्या घरच्या ३८६ जातीच्या संगणकासाठी एका कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याची, रचना केली. आपण ज्याला व्यवहारात लिनक्स म्हणतो, तो मात्र हा गाभा आणि त्याभोवती गोळा केलेल्या हजारो आज्ञावलींचा संच असतो. डेबियन, उबुंटू, फेडोरा हे असेच संच होत. आपल्याकडे सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणालीही डेबियनच्याच पायावर उभी राहिली. गाभा एकाचा, संच दुसऱ्याचा, ब्राउझर तिसऱ्याचा आणि चित्रपटलाचा ड्रायव्हर चौथ्याचा, अशी ही व्यवस्था आहे. यांपैकी कोणीही एकाने जुन्या यंत्राची साथ सोडली, की बाकीच्यांनी ती सोडली नसली तरी घरातील गाडी अडते. ज्या ३८६ वर लिनक्सचा जन्म झाला, त्याचाच आधार २०१३ मधील ३.८ या आवृत्तीतून काढून टाकण्यात आला, हे या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे.

बत्तीस आणि चौसष्ट

घरगुती संगणकांच्या बाबतीत सर्वांत मोठा अडथळा ३२ बिट आणि ६४ बिट या भेदाचा आहे. ३२ बिटांनी सुमारे ४२९ कोटी पत्ते लिहिता येतात, म्हणजेच ४ जीबी स्मृतीपर्यंतचा हिशेब ठेवता येतो. ए.एम.डी. या कंपनीने २००३ मध्ये ६४ बिटांचे प्रोसेसर बाजारात आणले आणि काही वर्षांत सर्वच उत्पादक त्या मार्गाने गेले. परंतु त्यानंतरही स्वस्त, छोट्या लॅपटॉपमध्ये ३२ बिटांचे प्रोसेसर बराच काळ बसविले जात होते. २००८ मधील ॲटम एन-२७० हे त्याचे ठळक उदाहरण होय. ६४ बिटांच्या यंत्रावर ३२ बिटांची प्रणाली चालते. उलट मात्र कदापि चालत नाही.

उबुंटूच्या मुख्य आवृत्तीने ऑक्टोबर २०१७ पासून ३२ बिटांची डेस्कटॉप प्रत देणे थांबविले. फेडोराने २०१९ मध्ये ३२ बिटांचा कर्नल सोडला. सर्वांत चिवट समजला जाणारा डेबियनही ऑगस्ट २०२५ मधील १३ व्या आवृत्तीत त्याच निर्णयाला आला. अशा यंत्रांनी या आवृत्तीकडे वळू नये. शक्य असल्यास ६४ बिटांची प्रणाली नव्याने बसवावी, नाही तर यंत्रास निवृत्त करावे, असे त्याने स्पष्टच कळविले आहे. ब्राउझरची कथा याहून निराळी नाही. क्रोमने २०१६ मध्ये, तर फायरफॉक्सने २०२५ च्या अखेरीस ३२ बिटांच्या लिनक्ससाठी नव्या प्रती काढणे बंद केले.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. यंत्र ६४ बिटांचे, पण त्यावर पूर्वी कोणी ३२ बिटांची प्रणाली बसवून दिलेली, असे प्रकार पुष्कळ आढळतात. टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा दिली असता प्रोसेसर कोणत्या पद्धतीने चालू शकतो, ते कळते. तेथे ६४ चा उल्लेख असेल, तर यंत्राचे आयुष्य संपलेले नाही. मात्र ३२ वरून ६४ वर चालू स्थितीत जाण्याचा खटाटोप करू नये. कोरी प्रतिष्ठापनाच हिताची.

पायरी चुकवता येत नाही

प्रस्तुत लेखकाच्या घरी एन-२७० प्रोसेसरचा एक छोटा लॅपटॉप आहे. त्यावर २०१७ मधील डेबियन ९ होते आणि काही वर्षे त्याकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. पुढे त्याला अद्ययावत करण्यास घेतले, तेव्हा पहिलाच संदेश आला की मागितलेली वस्तू त्या पत्त्यावर नाही. घरातील इंटरनेट जोडणीवर अकारण संशय घेण्यात एक संध्याकाळ गेली. कारण साधे होते. ज्या आवृत्तीची मुदत संपते, तिच्या आज्ञावली नेहमीच्या भांडारातून हलवून अभिलेखागारात ठेवल्या जातात. स्रोतांच्या यादीत हा नवा पत्ता लिहिल्याखेरीज पुढे जाता येत नाही.

त्यानंतरही ९ वरून थेट १२ वर उडी घेण्याची सोय नाही. १०, ११, १२ अशा पायऱ्या क्रमाने चढाव्या लागतात. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांनाही हाच नियम लागू आहे: १८.०४ वरून २०.०४, मग २२.०४. प्रत्येक पायरीला शेकडो आज्ञावली बदलल्या जातात आणि जुन्या हार्ड डिस्कवर त्यास काही तास लागतात. आमच्याकडे दुसऱ्या पायरीच्या मध्यावर वीज गेली. लॅपटॉपच्या बॅटरीने केव्हाच मान टाकलेली असल्याने अर्ध्या आज्ञावली नव्या आणि अर्ध्या जुन्या, अशी त्रिशंकू अवस्था झाली. ‘डीपीकेजी’ या साधनाला अपुरी राहिलेली जुळणी पूर्ण करण्यास सांगून मार्ग निघाला. पण जेथे भारनियमनाची धास्ती आहे, तेथे हे काम इन्व्हर्टरच्या आधाराशिवाय हाती घेऊ नये, हा धडा मिळाला.

इतर अडचणी लहान, पण पाठ न सोडणाऱ्या असतात. जुने कर्नल साठत गेल्याने बूटसाठी राखलेला छोटा विभाग भरतो आणि नवा कर्नल मध्येच अडकतो. म्हणून निरुपयोगी कर्नल आधीच काढून टाकावेत. एनव्हीडियाने ३४० मालिकेच्या ड्रायव्हरचे साहाय्य २०१९ च्या अखेरीस थांबविले. त्या काळातील चित्रपटल असलेल्या यंत्रांवर नव्या कर्नलनंतर केवळ काळा पडदा दिसण्याचा संभव असतो. वाय-फायच्या तक्रारी मात्र कमी झाल्या आहेत. डेबियनने २०२२ मध्ये सदस्यांचे मत घेऊन आवश्यक बंदिस्त फर्मवेअर अधिकृत प्रतीतच समाविष्ट केले. मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलकाची निवड प्रत्येक मोठ्या बदलानंतर एकदा तपासून घ्यावी, एवढे पुरे.

यंत्रावर खर्च करावयाचा झाल्यास हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविणे सर्वांत फलदायी ठरते. रॅम वाढविण्यास मर्यादा असतात. एन-२७० च्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती २ जीबीच्या पुढे जात नाही आणि आजचा ब्राउझर चार-पाच पानांतच तेवढी संपवितो.

मात्र कोणत्याही खटाटोपापूर्वी छायाचित्रे आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावीत, आणि त्यांतील दोन-चार दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहावीत. यंत्र हातचे गेले तर दुसरे मिळते. आजोबांच्या पंचाहत्तरीची छायाचित्रे पुन्हा काढता येत नाहीत.

आमचा लॅपटॉप अखेर डेबियन १२ वर स्थिरावला. या आवृत्तीचे दीर्घ मुदतीचे साहाय्य जून २०२८ पर्यंत जाहीर झालेले आहे. बँकेचे व्यवहार त्यावर करणे आम्ही आताच थांबविले असून, तो सध्या पत्रलेखनासाठी आणि सकाळी जुनी नाट्यगीते ऐकण्यासाठी स्वयंपाकघरातील फडताळावर ठेवला आहे.